पैसे आले म्हणजे कमाई झाली, असं नाही!

मोठी ऑर्डर मिळाली, पूर्ण पेमेंट खात्यात आलं, की आपण लगेच म्हणतो, "या महिन्यात लाखाचा धंदा झाला." माझं मत स्पष्ट आहे: जे काम अजून करायचंय, त्याचे पैसे तुमची कमाई नाही. ते देणं आहे.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे नीट दिसतं. समजा, तुम्ही एका कारखान्याला बिलिंग सॉफ्टवेअर १,२०,००० रुपयांना दिलं. त्यात लायसन्सचे ६०,०००, ट्रेनिंगचे २४,००० आणि तीन वर्षांच्या सपोर्टचे ३६,०००. लायसन्स दिलं, कस्टमर ते वापरू शकतो, की ६०,००० कमाई. ट्रेनिंग झालं की २४,०००. सपोर्टचे मात्र महिन्याला हजारच धरायचे, छत्तीस महिने. आणि सॉफ्टवेअर तुमच्याच सर्व्हरवर असेल, कस्टमर फक्त लॉगिन करत असेल, तर ती फीसुद्धा महिन्यांवर वाटायची. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांना लागू असलेला 'इंड एएस ११५' हा नियम २०१८ पासून साधारण हेच सांगतो.

तुम्ही म्हणाल, "मोठ्यांचे नियम आम्हाला कशाला?" अमेरिकेतल्या मायक्रोस्ट्रॅटेजीचं बघा. सॉफ्टवेअरसोबत पुढची बरीच कामं कबूल केलेली असताना त्यांनी लायसन्सची रक्कम आधीच कमाईत धरली. मार्च २००० मध्ये हिशेब दुरुस्त करणार असं जाहीर केलं आणि एका दिवसात शेअर निम्म्याहून जास्त पडला. दुरुस्तीनंतर १९९९ चा नफा चक्क तोटा निघाला. कस्टमर खरे होते, सॉफ्टवेअरही खरं होतं. चुकली ती कमाई धरायची वेळ.

आपल्याला शेअर बाजार नाही, पण धोका तोच. वर्षाचे पैसे एप्रिलमध्ये घेतले, नफा समजून खर्च केले, मग डिसेंबरमध्ये सपोर्टवाल्या मुलाचा पगार कुठून देणार?

म्हणून आजच वहीत दोन रकाने करा: 'आलेले पैसे' आणि 'झालेली कमाई'. दर महिन्याच्या शेवटी जेवढं काम झालं, तेवढंच दुसऱ्या रकान्यात टाका. दुकान वाढवायचं की नाही, हे दुसरा रकाना बघूनच ठरवा. एक लक्षात ठेवा, सेवेच्या ॲडव्हान्सवर जीएसटी पैसे मिळाले की लागतो, त्यामुळे तो हिशेब वेगळा. सीएला विचारून घ्या.

तुमच्या धंद्यात असे आगाऊ पैसे कुठे येतात? एएमसी, क्लासची फी, वर्षाची मेंबरशिप? कमेंटमध्ये नक्की लिहा.