खेड्यातल्या जवानाच्या नावावर का खपवता?

शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय.

रविवारी चिखलीत टपरीवर बसलो होतो. कुणीतरी मोबाईलवर इस्रायलच्या हल्ल्याचा व्हिडिओ लावला आणि नेहमीचं सुरू झालं. सैन्य असावं तर असं, घुसून मारतात वगैरे. मी सहज बोलून गेलो, की त्याच इस्रायलने 2018 साली शेरॉन अफेक या उघडपणे समलिंगी असलेल्या अधिकाऱ्याला मेजर जनरल केलं. लष्कराच्या कायदा विभागाचा प्रमुख होता तो. टपरी एकदम गप्प. मग एक जण म्हणाला, "आपल्याकडं हे नाही चालत भाऊ. आपले पोरं खेड्यातले."

हे वाक्य मला झोंबलं, कारण ते त्या माणसाचं नाहीच. ते दिल्लीचं आहे.

आठवा. महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन आणि तुकडीचं नेतृत्व द्यावं की नाही, ही केस सुप्रीम कोर्टात होती. तेव्हा केंद्र सरकारने लेखी सांगितलं, की जवान बहुतांश ग्रामीण भागातले असतात, बाईचा हुकूम ऐकायची त्यांची मानसिक तयारी नाही. म्हणजे आपण! लोणार, मेहकर, देऊळगावराजाची पोरं. 17 फेब्रुवारी 2020 ला न्यायमूर्ती चंद्रचूड आणि रस्तोगी यांच्या खंडपीठाने तो युक्तिवाद फेटाळला. पुढे 2023 पासून महिला कर्नल तुकड्यांच्या प्रमुख झाल्या. कुठल्या जवानाने बंड केलं? बुलडाण्यातल्या एकाने तरी सॅल्यूट मारायला नकार दिला का?

आता तेच कारण समलिंगी अधिकाऱ्यांच्या बाबतीत वापरतात. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. चार महिने जेमतेम झाले आणि 10 जानेवारी 2019 ला तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं, की सैन्यात हे चालू देणार नाही, सैन्य पुराणमतवादी आहे. (मी त्या दिवशी जिजाऊ जयंतीच्या पुरवणीत बुडालो होतो, बातमी आतल्या पानात चार ओळीत गेली. माझीच चूक.) रावतसाहेब आज हयात नाहीत, त्यांच्या सेवेबद्दल आदर आहेच. पण भूमिकेवर बोललंच पाहिजे.

कायद्याने काय होतं ते बघा. घटनेच्या कलम 33 नुसार सैन्यातल्या लोकांचे मूलभूत हक्क संसद मर्यादित करू शकते. आर्मी ॲक्ट 1950 मध्ये कलम 45 आहे, अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन. कलम 46 आहे, त्यात 'अनैसर्गिक' वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे बुलडाण्याच्या बसस्टँडवर जो गुन्हा नाही, तो छावणीत शिरला की गुन्हा होऊ शकतो. अशा ठिकाणी उघडपणे सांगणारा जनरल कुठून येणार? मेजर जे. सुरेश यांनी अकरा वर्षांहून जास्त नोकरी करून राजीनामा दिला आणि 2020 मध्ये, बाहेर पडल्यावर, स्वतःबद्दल सांगितलं. त्यावरून दिग्दर्शक ओनीर यांनी पटकथा लिहिली, तर जानेवारी 2022 मध्ये संरक्षण मंत्रालयाने परवानगीच नाकारली. खरा माणूस नको, त्याची गोष्टही नको.

शिस्त बिघडेल म्हणतात. अरे, हाताखालच्या माणसाला त्रास देणारा कुणीही असो, बाईमागे लागणारा की पुरुषामागे, त्याचं कोर्ट मार्शल कराच, कोण नाही म्हणतंय? ब्रिटनने जानेवारी 2000 मध्ये बंदी उठवली, अमेरिकेने सप्टेंबर 2011 मध्ये. कुणाची फौज मोडली नाही. उलट धोका लपवण्यात आहे. ज्याला आपलं गुपित फुटायची भीती, त्याला शत्रूचा हेर सहज धरू शकतो. उघड असलेल्या माणसाला कशाची धमकी देणार?

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार आहेत, वय सत्तरच्या पुढे. परवा त्यांना भीतभीतच विचारलं, काका, तुमच्या वेळी असं कुणी होतं का? पानाला चुना लावता लावता म्हणाले, "होता नं एक. साऱ्याइले माहीत होतं. फायरिंगमंदी त्याच्यासारखा कोनी नोता."

मग कुणी तक्रार केली नाही?

"काऊन करू? रातच्या गस्तीले आपल्या मागं तोच पाह्यजे, असं सारे म्हनत."

आणि साहेब लोक?

काका हसले. "साहेबाले कोन सांगते बाबू. त्याची नोकरी गेली असती नं."