बरे वाटले म्हणून औषध सोडू नका!

सुशिक्षित घरांत आजारांची आता पूर्वीइतकी लाज उरलेली नाही. रक्तदाबाची गोळी जेवणाच्या टेबलावर उघड ठेवलेली असते, मधुमेहाच्या पथ्याची चर्चा लग्नाच्या पंगतीत चालते, आणि हृदयावरील शस्त्रक्रियेची हकीकत तर पाहुण्याला साद्यंत ऐकावी लागते. परंतु अशाच एखाद्या घरात गोळ्यांची आणखी एक पट्टी असते. ती कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेली असते. ती कोणाची व कशासाठी, हे शेजाऱ्यांस ठाऊक नसते. सख्ख्या काकासही सांगितलेले नसते. ही पट्टी स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे मराठीत ज्याला छिन्नमनस्कता म्हणतात त्या विकाराच्या रुग्णाची असते. ती लपविलेली असते म्हणूनच एके दिवशी ती बंदही होते, आणि बंद झाल्याचा कोणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो दोन-चार महिन्यांनी, जेव्हा सावरलेला संसार पुन्हा विस्कटतो तेव्हा. आजच्या अंकाची ही जागा आम्ही या विषयाला देत आहोत, ती याच कारणासाठी. हा विकार माणसाला जेवढा उद्ध्वस्त करतो, त्याहून अधिक त्याचा मोडलेला उपचार करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हा विकार म्हणजे काय नव्हे, ते सांगणे अवश्य आहे. एका देहात दोन व्यक्ती नांदणे म्हणजे स्किझोफ्रेनिया, ही चित्रपटांनी रूढ केलेली कल्पना साफ चुकीची आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९०८ साली हे नाव प्रचारात आणले, तेव्हा विचार, भावना आणि कृती यांची परस्परांशी असलेली सांगड सुटणे एवढाच त्याचा आशय होता. कोणी बोलत नसता आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी अढळ खात्री होणे, बोलण्यातील संगती हरपणे ही या विकाराची दिसणारी लक्षणे. न दिसणारी लक्षणे याहून फसवी असतात. इच्छाशक्ती आटते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, आंघोळ आणि जेवण यांचेही भान राहत नाही. बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास, म्हणजे शिक्षण संपून आयुष्याला आरंभ व्हावा त्याच वेळी हा घाला पडतो. घरची माणसे प्रथम त्याला आळस म्हणतात, मग हट्ट म्हणतात, मग नजर लागली असे म्हणतात. ग्रहशांती होते, गंडेदोरे होतात. डॉक्टरचे नाव अगदी शेवटी निघते.

हा विकार विरळा आहे, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे सव्वादोन ते अडीच कोटी माणसांना तो आहे. म्हणजे तीनशे ते साडेतीनशे माणसांत एकास. हे प्रमाण धरले, तर चार-पाचशे बिऱ्हाडांच्या वसाहतीत अशी पाच-सहा माणसे असावीत. ती आपणांस दिसत नाहीत, याचा अर्थ ती नाहीत असा होत नाही. ती दारे लावून बसविलेली आहेत, एवढाच होतो.

१९५२ पूर्वी या रुग्णांना देण्यासारखे वैद्यकाजवळ फारसे काही नव्हते. उंच भिंती, बंद दारे आणि कालहरण हाच बहुतेकांच्या वाट्याचा उपचार होता. त्या वर्षी पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा प्रयोग केला आणि मानसोपचाराच्या इतिहासाला वळण लागले. पुढे आणखी औषधे आली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांनाही क्लोझापिनचा गुण येतो, हे १९८८ साली सिद्ध झाले. मात्र ते घेताना रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. दोन-चार आठवड्यांनी किंवा महिन्याने एकदा टोचून घ्यावयाची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनेही आहेत. या औषधांपैकी कोणतेही विकार मुळापासून उपटून काढीत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मेंदूतील रासायनिक घडामोडींवर, विशेषतः डोपामिन या द्रव्याच्या कार्यावर, ती अंकुश ठेवतात. हा अंकुश असेपर्यंत पुष्कळांना नोकरी करता येते, घर चालविता येते. तो निघाला की विकार बहुधा परततो.

'बहुधा' हा शब्द आम्ही मोघमपणे वापरलेला नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचे औषध चालू राहिले, त्यांच्यापैकी वर्षभरात शंभरात २७ जणांचा आजार उलटला. ज्यांना औषधाऐवजी औषधविरहित गोळी मिळाली, त्यांच्यात हा आकडा ६४ होता. असे असता लोक औषध का सोडतात? कारण सोडणे सोपे आणि टिकविणे फार कठीण आहे. अमेरिकेत सुमारे दीड हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ठरवून दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत बंद झालेल्या रुग्णांचे प्रमाण शेकडा ७४ होते. तेव्हा औषध सोडणारा रुग्ण हा कोणी बेजबाबदार अपवाद नसून तोच नियम आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे ठरेल. त्याला दोष देऊन काही साधत नाही. कारणे पाहिली पाहिजेत.

पहिले कारण म्हणजे बरे वाटणे. गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. उलट झोपाळूपणा जातो, अंग हलके वाटते, आणि 'पाहा, मला औषधाची गरजच नव्हती,' असे म्हणावयास रुग्ण मोकळा होतो. बिघाड येतो तो आठवड्यांनी अगर महिन्यांनी, तोही चोरपावलांनी: आधी झोप उडते, मग संशय वाढतो, मग माणूस बोलेनासा होतो. दुसरे कारण म्हणजे औषधांचा त्रास. वजन वाढते, हात कापतात, एका जागी बसवत नाही, रक्तातील साखर चढते. ज्या तरुणाचे वजन वर्षभरात पंधरा किलोंनी वाढले, त्याला 'गोळी घे' एवढेच सांगणे हा उपदेश झाला, उपचार नव्हे. तिसरे कारण सर्वांत बिकट आहे. आपण आजारी आहोत हे जाणण्याची शक्तीच हा विकार अनेकदा हिरावून घेतो. ज्याच्या पायाला जखम झाली त्याला ती दिसते. परंतु ज्या मनाने पाहावयाचे त्या मनालाच जखम झाली, तर त्याने ती पाहावी कशी?

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाही. १९९४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे गणिती जॉन नॅश यांनी १९७० नंतर औषध घेतले नाही आणि तरीही ते सावरले, हे खरे आहे. परंतु सावरण्यापूर्वी त्यांच्या आयुष्यातील किती वर्षे वाया गेली, हेही तितकेच खरे आहे. दुसरे उदाहरण एलिन सॅक्स यांचे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात कायदा शिकविणाऱ्या या विदुषीने २००७ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. औषध सोडण्याचा त्यांनी पुनःपुन्हा प्रयत्न केला, पुनःपुन्हा त्या कोसळल्या, आणि अखेरीस औषध स्वीकारल्यावर त्यांचे जीवन स्थिर झाले. काही थोडे लोक औषधावाचून निभावतात. परंतु ते थोडे कोण, हे आधी ओळखण्याचे साधन आज कोणाजवळही नाही. म्हणून मात्रा कमी करावयाची असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू, घरच्यांना सांगून करावी. मनाने एकाएकी बंद करणे म्हणजे आपल्याच संसाराचा जुगार खेळणे होय.

आता घरातल्या माणसांविषयी. त्यांच्या सोशिकपणाबद्दल आम्हांस आदर आहे. पण दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. चहात किंवा आमटीत गोळी कुस्करून घालण्याची युक्ती अनेक घरांत चालते. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु आपल्या अन्नात कोणी काही कालविते असा संशय हेच ज्याच्या विकाराचे लक्षण, त्याला एके दिवशी ते खरोखरच आढळले, तर त्याने पुन्हा कोणावर विश्वास ठेवावा? अशी पाळी आली असेल तर ती डॉक्टरांना सांगावी. इंजेक्शनाचा पर्याय विचारावा. लपवाछपवीवर उपचार उभा करू नये. दुसरी गोष्ट बोलण्याची. जॉर्ज ब्राउन या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून केलेल्या संशोधनात असे दिसून आले, की ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलले जाते अगर त्याच्यावर अहोरात्र पहारा ठेवला जातो, त्या घरात विकार अधिक वेळा उलटतो. 'तुझ्या बरोबरीचे सगळे कुठल्या कुठे गेले' हे वाक्य आपल्या घरांत सहज उच्चारले जाते. त्याने औषधाचा गुण निम्मा होतो, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा समजू नये.

आणि विवाह! 'लग्न करून द्या, मुलगा ताळ्यावर येईल,' हा सल्ला देणारे वडीलधारे अद्याप हयात आहेत. मग बोलणी चालू असता गोळ्या दडविल्या जातात, लग्नाच्या धावपळीत त्या चुकतात, नव्या माणसाला कळू नये म्हणून पुढेही बंदच राहतात. आणि वर्ष उलटण्याच्या आत दोन घरांचा घात होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. परंतु या मुठीत एका परक्या मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य असते. विकार असणाऱ्याने लग्न करू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ साली असा निर्णय दिला, की केवळ स्किझोफ्रेनिया हे नाव चिकटले एवढ्यावरून घटस्फोट मिळत नाही. विकाराची तीव्रता पाहावी लागते. जो डोळस संमतीने झाला तो संसार टिकू शकतो. जो फसवणुकीवर उभारला, त्याचा पहिला बळी रुग्णाचे औषधच असते.

परंतु सारा भार घरावर टाकून सरकारला मोकळे सोडता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयगृहाला आग लागून २८ मनोरुग्णांचे प्राण गेले. त्यांतील बहुतेकांना साखळ्यांनी बांधलेले होते. १९१२ च्या कायद्याने वेड्यांना कोठे कोंडावे याची चिंता वाहिली होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला हक्क देतो. साखळीने बांधणे त्याने निषिद्ध ठरविले आहे, आवश्यक औषधे सरकारी आरोग्यसंस्थांत विनामूल्य मिळावीत असे म्हटले आहे, आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. आपण शुद्धीवर असताना, पुढे विकाराने घेरले तर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमण्याचा अधिकारही त्याने दिला आहे. प्रत्येक रुग्णाने व त्याच्या कुटुंबाने बऱ्या दिवसांत एकत्र बसून हे लिखाण करावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. औषधाचा करार त्यासारखा दुसरा नाही.

तथापि कायदा पुस्तकात राहिला तर त्याचा उपयोग काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की गंभीर मनोविकार असलेल्या दर चौघांपैकी सुमारे तिघांना उपचारच मिळत नाहीत. ज्यांना मिळतात, त्यांच्यातही तालुक्याच्या गावाहून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला औषधाच्या खिडकीवर 'पुढच्या आठवड्यात या' असे उत्तर मिळाले, तर त्या एका वाक्याने वर्षाची कमाई पाण्यात जाते. ज्या औषधाचा खंड माणसाला उद्ध्वस्त करतो, त्या औषधाच्या साठ्यात खंड पडू देणे हा कारकुनी ढिलेपणा नव्हे. तो अपराध आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथील प्रादेशिक मनोरुग्णालये कितीही सुधारली, तरी रुग्ण नांदावयाचा तो आपल्या गावात. म्हणून ही औषधे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या रुग्णालयात बारमाही मिळाली पाहिजेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला देण्याची सोय केली आहे. तिची माहिती प्रत्येक शाळेच्या व कचेरीच्या फलकावर असावी.

हे सारे अशक्य नाही. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी राहिली, आणि रुग्ण व नातेवाईक यांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याची जागा मिळाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' या चित्रपटाने तर हा विषय मराठी माणसाच्या दिवाणखान्यात आणला. त्या दिवाणखान्यातून तो पुन्हा कपाटात जाऊ नये.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. रुग्णांनी त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगावा, औषध बदलून मागावे, पण स्वतःच्या मनाने सोडू नये. नातेवाइकांनी आठवण द्यावी, पहारा करू नये. मालकांनी महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी खळखळ न करता द्यावा. शेजाऱ्यांनी 'वेडा' हा शब्द गिळावा. आणि ज्यांच्या घरी ती पट्टी आहे, त्यांनी ती आज साड्यांच्या घडीखालून काढून रक्तदाबाच्या गोळीशेजारी ठेवावी. उघड्यावर ठेवलेली गोळी सहसा चुकत नाही.