बारा तारांचा संसार

चाळिशी आली की माणसाने डोळ्यांना चाळिशी लावावी, गिटार घेऊ नये, असा शिरस्ता आहे. मी घेतली; तीही जुनी, स्वस्तातली, बारा तारांची!

तारा बारा, पण जोड्या सहाच. जाड तारांच्या चार जोड्यांत एक तार खर्जातली, तर तिची जोडीदारीण वरच्या सप्तकातली. उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. त्यामुळे बोट एक नि नाद दुहेरी! लावतालावता मात्र संध्याकाळ सरते.

वाचकहो, अशी जुनी गिटार घ्याल तर दांडी डोळ्यांसमोर धरून बाक पाहा. घोडी उचकटली नाही ना, तिच्यामागची फळी फुगली नाही ना, तेही पाहा. बारा तारांचा ताण स्वस्त लाकडाला सोसत नाही. माझ्या गिटारीची मान जराशी वाकलेलीच होती. किंमत उतरली ती त्यामुळेच. मी सगळ्या तारा एका स्वराने उतरवल्या. अमेरिकेतला लेडबेली (मृत्यू १९४९) या वाद्याचा राजा म्हणून गाजला. तोही आपली स्टेला गिटार बरीच उतरवूनच वाजवी.

आमच्या सौ.ने आवाज वर जात नाही म्हणून गाणे सोडले होते. परवा मी तारा छेडीत असता ती सहज गुणगुणू लागली. उतरलेली पट्टी तिला नेमकी जमली!

ताण सोसेनासा झाला की वाद्य मोडू नये, गाणेही टाकू नये. पट्टी उतरवावी.