फलक हवा, पण पूर्ण हवा

परकीय राजवटीच्या काळात कोकणचा निसर्ग अभ्यासणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्मृती रस्त्याकडेच्या फलकांवर जपाव्यात काय? हा प्रश्न निघाला की, दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. एकाला त्यात गुलामीचे अवशेष दिसतात, तर दुसऱ्याला साहेबाआधी या भूमीत ज्ञानच नव्हते असे वाटते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

जी. डब्ल्यू. विडाल यांचेच उदाहरण घ्यावे. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली सूची सिद्ध केली. १८८० मध्ये ती ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या नियतकालिकाचे संपादक होते ॲलन ह्यूम, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे! विडाल यांचे परिश्रम खरे होते आणि आजच्या अभ्यासकालाही त्या सूचीकडे वळावे लागते. गुण परक्याचा असला, तरी तो मान्य करण्यात कमीपणा कसला?

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट होता. ती मारून आणणाऱ्यास सरकार बक्षीस देई आणि कातळावर, गवतात अनवाणी वावरणारे गावकरी ती मारून आणीत. साप ओळखणारे डोळे त्यांचे, जीव धोक्यात घालणारे हातही त्यांचेच. ‘फुरसे’ हा आपला शब्द इंग्रजी ग्रंथांत जाऊन बसला. तो शब्द ज्यांच्या तोंडून साहेबाने ऐकला, त्यांची नावे मात्र कोठे आहेत?

नावे नोंदवणे त्या काळी अशक्य होते, असेही नाही. विडाल यांच्या दोनशे वर्षे आधी कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ रचवून घेतला. १६७८ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले आहे. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांचेही नाव तेथे आदराने आले आहे. व्यापारासाठी आलेल्या डचांना जे साधले, ते राज्य करणाऱ्या इंग्रजांना का साधू नये?

म्हणून फलक अवश्य लावावा. परंतु त्यावर केवळ साहेबाचे नाव नको. वाट दाखवणारे वाटाडे, जाळ्यात आलेल्या माशाचे नाव सांगणारे कोळी, औषधी मुळी ओळखणारे वैदू यांचे ऋणही त्यावर कोरले जावे. नावे हरवली असतील, तर ती हरवल्याचीच नोंद व्हावी. तीही इतिहासाची साक्षच आहे.

आणि ही केवळ गतकाळाची गोष्ट नाही. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून सागरी कासवांच्या अंड्यांचे रक्षण झाले, ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या प्रेरणेने आणि ग्रामस्थांच्या बळावर. या कार्याची नोंद आपणच आज केली नाही, तर उद्या तिचेही श्रेय दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर जमा होईल. तेव्हा साहेबाला दोष देण्याची सोय उरणार नाही. जो समाज आपल्या माणसांची नावे लिहून ठेवत नाही, त्याचा इतिहास इतरेजन लिहितात!