सराव हवा, चित्रफीत पुरेशी नाही

लसीकरणाची नोंद यू-विन पोर्टलवर आली हे चांगलेच झाले. पण लस टोचणाऱ्या आरोग्यसेविकेचे प्रशिक्षण पडद्यावर उरकता येणार नाही, ते प्रत्यक्ष सरावातूनच झाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लस बिघडते ती बहुधा नजरेआड. फ्रीजरमधले बर्फाचे पॅक काढून थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये ठेवले, तर पेंटाव्हॅलंट लस गोठून निकामी होऊ शकते. कुपीवरचे व्हीव्हीएम (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर) हे रंग बदलणारे चिन्ह फक्त उष्णतेचा परिणाम दाखवते. गोठलेल्या लशीबाबत ते काहीच सांगत नाही. पॅक कानाशी धरून हलवायचा, आत पाणी खळखळले की मगच कॅरिअर भरायचा, हे हातानेच शिकावे लागते. गोवर-रुबेलाची कुपी द्रावणात मिसळल्यावर 4 तासांत वापरायची, उरली तर टाकायची. त्यासाठी कुपीवर वेळ लिहिण्याची सवयही तशीच अंगवळणी पडते. एवढे चुकले, तरी पोर्टलवर त्या बाळाचा डोस पूर्णच दिसतो.

2022 मध्ये गोवंडीपासून मालेगावपर्यंत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा घरोघर फिरल्या त्या याच सेविका आणि आशाताई. घाबरलेल्या आईला समजावणे हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दरवर्षी, कामाच्या वेळेत, कंत्राटी सेविकांसह हा सराव घ्यावा. त्या दिवशी उपकेंद्र बंद राहणार नाही, यासाठी बदली कर्मचारी देण्याची जबाबदारी जिल्हा परिषदांनी आताच उचलावी.