चूक पडद्याची, शिक्षा चेहऱ्याला

गेल्या वर्षीच्या अंकात स्नेहसंमेलनाचे छायाचित्र छापून आले, तेव्हा वसतिगृहात बराच हशा पिकला. माझ्या मैत्रिणीच्या इरकलीचा लालभडक पदर विटकरी झाला होता आणि आम्ही साऱ्याजणी एकाएकी गोऱ्या झालो होतो! छापखान्यात विचारले, तर तिथले काका म्हणाले, "पहिली प्रत काळपट आली, म्हणून चेहरे जरा उजळून दिले बघा."

हशा विरला, पण ते वाक्य मनातून जाईना. चेहऱ्यांत खरोखरच काही बिघडले होते काय?

बिघडला होता तो पडदा. नवा मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा झगमगीत ठेवलेला असतो. पडदा तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश स्वतः फेकतो. कागद मात्र खोलीतल्या उजेडावर अवलंबून असतो आणि त्यावर आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी शाई चढते. झगमगीत पडद्यावर ठीक दिसलेला फोटो म्हणूनच कागदावर काळवंडतो. मग दुरुस्ती होते ती चेहऱ्याची!

भाजीवाली काटा शून्यावर आणल्याशिवाय तोलत नाही. पडद्याचा काटा शून्यावर आणणे म्हणजेच कॅलिब्रेशन. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा, मग कलरिमीटर नावाचे छोटे यंत्र पडद्यावर टेकवावे. पांढरा रंग ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड दर चौरस मीटरला सुमारे १०० ते १२० कँडेला, ही नेहमीची मापे. पडदा कुठे चुकतो याची नोंद एका फाईलमध्ये होते. तिला प्रोफाइल म्हणतात. १९९३ साली आठ कंपन्यांनी स्थापन केलेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने या नोंदीचा सर्वमान्य नमुना घालून दिला. प्रिंटरलाही प्रोफाइल लागते, आणि तेही प्रत्येक कागदासाठी निराळे. शिवाय रंगांचे रूपांतर सॉफ्टवेअरने करावे किंवा प्रिंटरने. दोघांनीही केले, तर रंग दोनदा बदलतो.

कुणी म्हणेल, रंग ही डोळ्यांची बाब. यंत्राला त्यातले काय कळते? पण आपला डोळा फार समजूतदार आहे. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली तोच कागद तो पांढराच मानतो. हा समजूतदारपणा संसारात उपयोगी, मोजमापात घातक. कलावंताने रंग खुशाल बदलावेत. पण आपण काय बदलतो आहोत, हे त्याला आधी ठाऊक असावे.

आणि माप कुणाचे, हाही प्रश्न आहेच. गेल्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी फोटोच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी 'शर्ली कार्ड' पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची कातडी ठीक दिसली, की यंत्र ठीक! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. आपल्याकडे तर असे कार्डही लागत नाही. 'जरा उजळ करा' हे आपल्या मनातच छापलेले आहे. कलरिमीटर मन बदलू शकत नाही, हे खरे. पण 'फोटो काळा आला' ही सबब तरी तो काढून घेतो. त्यानंतर चेहरा उजळला, तर ती दुरुस्ती नसून आवड आहे, हे कबूल करावे लागते.

म्हणून संपादक मंडळाला माझी सूचना आहे. महाविद्यालयाने एक कलरिमीटर घ्यावा. अंकाचे फोटो आधी त्याने जुळवलेल्या पडद्यावर पाहावेत, ज्या कागदावर अंक निघणार त्याचे प्रोफाइल छापखान्याकडून मागून घ्यावे आणि एक नमुना प्रत चांगल्या उजेडात तपासावी. मराठी आणि कन्नड विभागांची लिपी निराळी असली, तरी फोटो दोघांचे त्याच छापखान्यात जातात. आणखी वीस वर्षांनी आमच्यापैकी कुणी हा अंक उघडेल, तेव्हा तिला पदर लाल दिसावा आणि स्वतःचा चेहरा ओळखू यावा, एवढीच अपेक्षा.