मिरगीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका



शिरड शहापूर, औंढा, वसमत या भागातले कोणी ऊसतोडीला निघाले की गाठोड्यात पीठ-मीठ सहा महिन्यांचे बांधतात, मिरगीच्या गोळ्या मात्र महिनाभराच्याच घेतात. त्या संपल्या की कोपीवर पुन्हा फिट येते आणि नातेवाईक म्हणतात, "गोळ्यांनी काही होत नाही, बाहेरचे आहे."

बाहेरचे काही नसते. मेंदूतील पेशी एकमेकींशी अतिसूक्ष्म विजेने बोलतात. फिटच्या वेळी असंख्य पेशी एकदम भडकतात. फेनिटॉइन (एप्टोइन) आणि कार्बामाझेपिन या गोळ्या, पेशीत सोडियमचे कण शिरण्याची जी दारे असतात ती वारंवार उघडू देत नाहीत. (जेवणातल्या मिठाशी याचा संबंध नाही.) १९१२ पासून वापरात असलेली फेनोबार्बिटोन (गार्डिनल) मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या द्रव्याचे बळ वाढवते. पण गोळी रक्तात आहे तोवरच हे चालते. एकाएकी बंद केली तर झटक्यावर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर कांदा, चप्पल हुंगवत न बसता दवाखाना गाठावा.

त्रास होतो हे खरे. गार्डिनलने झोप येते, मुले चिडचिडी होतात. एप्टोइनने हिरड्या सुजतात. दात रोज नीट घासावेत. डोस जास्त झाला तर तोल जातो, दारू प्यायल्यासारखी चाल होते. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात. हे डॉक्टरांना सांगावे, गोळी किंवा डोस बदलता येतो. मात्र अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी दाखवावे. टी.बी.च्या औषधांनी फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण बदलते, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवावेत.

सर्वांत अवघड आमच्या लेकींचे. लग्न जमावे म्हणून आजार लपवतात आणि सासरी गोळ्या बंद होतात. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात पूर्वी वारंवार मिरगी येणे हे लग्न रद्द करण्याचे कारण होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. म्हणून खरे सांगूनच सोयरीक करावी. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकते, तेव्हा मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घ्यावी. स्वतःहून थांबवू नये. काही गोळ्यांमुळे पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा असर कमी होतो, तेही विचारावे.

साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. तोवर विहिरीवर आणि हळद शिजवायच्या कढईजवळ एकट्याने जाऊ नये.